दोडका की घोसाळे? फळ धरण्याआधी वेल ओळखण्याची रीत

परसबागेत दोडका आणि घोसाळे शेजारीशेजारी लावले आणि आळ्यांजवळ खोचलेल्या पाट्या पहिल्या जोरदार सरींत वाहून गेल्या, की मांडवाकडे निघालेल्या वेलांपैकी कोणता कशाचा हा प्रश्न हमखास पडतो. दोन्ही वनस्पती लुफा या एकाच प्रजातीतल्या आहेत आणि पाने, तणावे, पिवळी फुले या सर्वच बाबतींत त्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. फळ लागल्यावर सारे उघड होते हे खरे; परंतु आळ्यात दाटी झालेली रोपे विरळ करायची असतात, हाताने परागीकरण करायचे असते किंवा घरचे बी धरायचे असते, तेव्हा फळाची वाट पाहत बसणे परवडत नाही.

ओळख पटवण्याचे काम बियांपासूनच सुरू करावे. दोन्हींच्या बिया बहुधा काळ्या आणि चपट्या असतात, म्हणून नुसत्या नजरेने फसगत होते. बी उजेडात धरून तिच्यावरून नख फिरवावे. दोडक्याच्या बीचा पृष्ठभाग खडबडीत, बारीक खळगे पडलेला लागतो आणि तिची कड तशीच बोथट संपते. घोसाळ्याची बी गुळगुळीत असते आणि तिच्या कडेने पातळ पापुद्र्यासारखी अरुंद किनार गेलेली असते. नातेवाइकांकडून किंवा गावाकडून बी आले असेल तर ही तपासणी अवश्य करावी, कारण कोकणात ज्याला शिराळे म्हणतात तो दोडका असतो, खानदेश-नाशिककडचे गिलके म्हणजे घोसाळे असते आणि काही घरांत घोसाळ्यालाच पारोसे दोडके म्हणतात. त्यामुळे पुडीवर लिहिलेल्या नुसत्या ‘दोडके’ या शब्दावर विसंबणे योग्य नाही.

पानांविषयी मात्र सावध राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घोसाळ्याचे पान सहसा अधिक गडद हिरवे आणि खोलवर कातरलेले असते, तर दोडक्याचे पान फिकट आणि केवळ कोन काढल्यासारखे उथळ खाचांचे असते. पण एकाच वेलावर बुंध्याजवळचे पान आणि शेंड्याजवळचे पान यांत बराच फरक आढळतो, आणि सावलीतल्या पानांचा रंगही निराळा दिसतो. म्हणून पानावरून अंदाज बांधावा, पण रोप उपटण्याचा निर्णय तेवढ्यावर घेऊ नये.

खरी खात्रीची खूण आहे ती फूल उमलण्याच्या वेळेची. दोडक्याची फिकट पिवळी फुले दिवस कलताना, साधारण संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान उमलतात आणि रात्रभर उघडी राहतात. घोसाळ्याची फुले गडद, झळझळीत पिवळी असतात आणि ती पहाटे चार ते सकाळी आठच्या सुमारास उमलतात. हवामानाप्रमाणे ही वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून लागोपाठ दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. सकाळी उमललेले फूल दिसले म्हणून लगेच घोसाळे ठरवू नये, कारण दोडक्याचे आदल्या संध्याकाळचे फूलही सकाळी वेलावर असू शकते. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी मांडवाखाली जाऊन ताजी उमलणारी फुले कोणत्या वेलावर आहेत ते पाहावे आणि त्या वेलाच्या बुंध्याला रंगीत दोरा बांधावा. वेल एकमेकांत गुंतण्यापूर्वी हे केलेले बरे.

ज्यांना संध्याकाळी वेळ मिळत नाही, त्यांनी मादी फूल शोधावे. नर फुले एका दांड्यावर घोसाने येतात आणि बहुधा तीच आधी दिसू लागतात. मादी फूल एकेकटे येते आणि त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढे कोवळे फळ आधीपासूनच असते. दोडक्याच्या या इवल्या फळावरही उभ्या दहा शिरा उठून दिसतात. घोसाळ्याचे कोवळे फळ गोल, नळीसारखे आणि सपाट असते. येथे एक चकवा आहे: घोसाळ्यावर कधी गडद हिरव्या उभ्या रेषा दिसतात आणि लांबून त्या शिराच वाटतात. अशा वेळी डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवावा. फळावरून आडवे बोट फिरवले असता दोडक्याच्या शिरा अडतात, घोसाळ्याच्या रेषा अडत नाहीत. मादी फूल अजून आलेच नसेल तर नर फुलातले पुंकेसर मोजता येतात. दोडक्यात ते तीन असतात आणि घोसाळ्यात बहुतेक वेळा पाच.

खतखड्ड्यातून आपोआप उगवलेल्या वेलांत इतर भाज्याही असतात, पण त्या वेगळ्या काढणे सोपे आहे. दुधीचे पान मखमलीसारखे मऊ असते आणि पान व देठ जुळतात तेथे दोन बारीक ग्रंथी दिसतात. पडवळाच्या चुरगाळलेल्या पानाला उग्र वास येतो. आणि या दोन्हींची फुले पांढरी असतात.

कुंपणावर उगवलेल्या वेलाला दोडक्यासारखी शिरा असलेली, पण आखूड फळे धरली, तर ती रानातली कडू दोडकी असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. अनोळखी वेलाचे पहिले फळ शिजवण्यापूर्वी त्याची पातळ चकती जिभेच्या टोकाला लावून पाहावी आणि कडू लागल्यास थुंकून ते फळ टाकून द्यावे. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांमुळे येतो आणि शिजवल्याने तो धोका टळत नाही. कडू दोडकीचे पराग चांगल्या दोडक्याच्या फुलावर पडले, तरी त्या वर्षीचे फळ कडू होत नाही, कारण फळाचा गर मूळ वेलाचाच असतो. परिणाम दिसतो तो त्या फळाच्या बियांपासून पुढे वाढलेल्या वेलांवर.

म्हणूनच बी धरायचे असेल तर फुले राखावी लागतात, आणि वेल ओळखण्याचा खरा उपयोग येथे होतो. दोडक्याच्या त्या संध्याकाळी उमलणाऱ्या नर व मादी कळ्यांवर दुपारीच कागदी पिशव्या बांधाव्यात, उमलल्यावर नर फुलाचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत आणि पिशवी पुन्हा बांधावी. घोसाळ्याच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधून हेच काम भल्या सकाळी करावे. पुसा नसदार किंवा कोकण हरिता हे दोडक्याचे अथवा पुसा चिकनी हे घोसाळ्याचे सुधारित वाण लावले असतील, तर अशा राखलेल्या फळांचे बी पुढेही वाणाला धरून राहते. संकरित बियाण्याचे मात्र तसे नसते. राखलेले फळ वेलावरच पूर्ण वाळू द्यावे. ते हलवल्यावर आत बिया खुळखुळू लागल्या, की टोकाचे झाकण काढून फळ उलटे करावे, बिया सावलीत वाळवाव्यात आणि डबीवर भाजीचे नाव, वाण व वर्ष लिहावे.