डीएनएस स्वतःचा की क्लाउडवरचा? या चुका टाळा

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा, आणि ही उत्तरं देणारा सर्व्हर म्हणजे नेमसर्व्हर. एनएस१ आणि एनएस२ अशी नेमसर्व्हरची दोन नावं रजिस्ट्रारकडे (जिथे डोमेन नोंदवलं ती कंपनी) भरली की बऱ्याच जणांना वाटतं, झालं काम. पण दोन्ही नावं एकाच व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) जात असतात! ते मशीन बसलं की साइट जाते आणि मेलही जातो. नेमसर्व्हर वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवा, हे १९९७ च्या आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच लिहिलंय. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं तेच झालं. देखभालीच्या एका आदेशाने त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं, नेमसर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग (बाकीच्या इंटरनेटला त्यांच्यापर्यंत आणणाऱ्या वाटा) मागे घेतले आणि व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळं सुमारे सहा तास गायब.

मग क्लाउडवर गेलं की सुटलो? २१ ऑक्टोबर २०१६ ला मिराय बॉटनेटने (हॅक केलेल्या उपकरणांच्या फौजेने) डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर आणि स्पॉटिफाय अडखळले. पदरी दुसऱ्या कंपनीचे नेमसर्व्हर नसले की असंच होतं.

तरीही पाच-दहा डोमेन असतील तर स्वतःचा बाइंड (नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर) चालवण्याची हौस करू नये, असं माझं मत. रात्री दोनला उठणार कोण? ठेवायचाच असेल तर मुख्य सर्व्हर आपल्याकडे लपवून ठेवा आणि जगाला उत्तरं सेवा कंपनीच्या सर्व्हरना देऊ द्या. फक्त ती कंपनी झोन ट्रान्सफर (तुमच्या सर्व्हरवरून सगळ्या नोंदींची नक्कल) घेते का, ते आधी विचारा. अमेझॉनचं रूट ५३ घेत नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर नेहमी दिसणारं दुखणं: रेकॉर्ड बदललं, पण दुसरा सर्व्हर जुनंच उत्तर देतोय. एसओए या नोंदीमधला सिरियल (बदल झाल्याचं कळवणारा क्रमांक) वाढवला का, ते आधी बघा. दुसरं, फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ चं फक्त यूडीपी उघडलेलं असतं, मोठ्या उत्तरांना लागणारं टीसीपी बंद. छोटी उत्तरं व्यवस्थित जातात, मोठी अडकतात, आणि माणूस दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो. रिकर्शन (इतर कुठल्याही डोमेनचं उत्तर शोधून देणं) सगळ्या जगाला खुलं असेल तर आजच बंद करा, नाहीतर तुमचा सर्व्हर दुसऱ्यांवरच्या हल्ल्यात वापरला जाईल.

खरी पडझड होते ती स्थलांतरात. टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा) ८६४०० असेल तर दोन-तीन दिवस आधी ३०० वर आणा. पण डोमेनच्या वरच्या झोनमधल्या (.com, .in वगैरे) एनएस म्हणजे नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल तुमच्या हातात नसतो, म्हणून जुना सर्व्हर त्याच संध्याकाळी बंद करू नका. काही दिवस तसाच चालू राहू द्या. क्लाउडची आपोआप आयात ओळखीच्या नावांपुरतीच चालते. डीकेआयएमची (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणारी) नोंद हमखास मागे राहते आणि आठवड्याने कळतं की कोटेशनचे मेल स्पॅममध्ये जातायत. झोन फाइलच (सगळ्या नोंदींची यादी) बाहेर काढून ओळ न् ओळ ताडून पाहा.

डीएनएससेक (डीएनएस उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर वरच्या झोनमधली जुनी डीएस नोंद (त्या सहीच्या किल्लीची खूण) आधी काढा, तिचा टीटीएल संपू द्या, मगच हला. घाई केली की काहींना साइट उघडते, काहींना सर्व्हफेल (उत्तर देता आलं नाही अशी चूक) येतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य ऐकू आलं की पहिला संशय तिथेच घ्या.

आणि रजिस्ट्रारच्या खात्याचा रिकव्हरी ईमेल त्याच डोमेनवर आहे का, तेही आत्ताच बघून घ्या; डोमेन बसलं की तो मेलही येणार नाही.