जँगो शिकताय? या चुका टाळा, आणि डेटा मराठी असेल तर जरा जास्तच जपून

मागच्या गणपतीच्या आधी आमच्या मंडळासाठी वर्गणीच्या पावत्यांची एक छोटीशी साईट केली, पायथन आणि जँगोमध्ये. काम दोन वीकेंडचं होतं, लागला दीड महिना. त्यातला निम्मा वेळ अशा चुका शोधण्यात गेला ज्या एकदा कळल्या की दोन मिनिटांत सुटतात, आणि उरलेल्यातल्या बऱ्याच कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नसतात कारण ट्युटोरियल करणाऱ्याच्या डेटात जोडाक्षरं नसतात. म्हणून लिहून ठेवतोय. कमांड आणि एरर देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीतच टाईप करायच्या.

एकदम नवीन असाल तर थोडक्यात ओळख. पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी 1991 मध्ये लोकांसमोर आणली. जँगो हे त्या भाषेतलं वेब फ्रेमवर्क, म्हणजे लॉगिन, डेटाबेस, फॉर्म, ॲडमिन पॅनेल सगळं आयतं मिळतं. ते सुरू झालं 2003 मध्ये, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावातल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात, एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांच्या हातून, आणि जुलै 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव जँगो राईनहार्ट या गिटारवादकावरून घेतलंय, स्पेलिंगमधला डी सायलेंट. पेपरात प्रोग्रामर नसलेल्या माणसांना रोज मजकूर भरायचा असतो, म्हणून ॲडमिन पॅनेल पहिल्यापासून त्यात आहे, आणि आमच्या खजिनदारकाकांना तेवढंच हवं होतं.

सुरुवातीलाच अडकलात तर

सगळ्यात कॉमन रडगाणं: "जँगो इन्स्टॉल केलंय तरी नो मॉड्यूल नेम्ड जँगो येतंय." बहुतेक वेळा लॅपटॉपवर दोन-तीन पायथन असतात, पिपने (पायथनची पॅकेज इन्स्टॉल करणारी कमांड) जँगो टाकलं एकात आणि तुम्ही प्रोजेक्ट चालवताय दुसऱ्याने. नुसतं पिप इन्स्टॉल न म्हणता पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल जँगो असं म्हणा, म्हणजे ज्या पायथनने चालवणार त्यातच ते जाईल. त्याआधी प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे फक्त त्याच प्रोजेक्टच्या पॅकेजची वेगळी जागा, करा आणि टर्मिनल नवीन उघडलं की ते चालू करायला विसरू नका. मी अजून विसरतो.

याचाच भाऊ म्हणजे फाईलला जँगो डॉट पीवाय असं नाव देणं. पायथन आधी तुमच्याच फोल्डरमध्ये बघतो, त्याला तुमची फाईल सापडते, तो तिलाच जँगो समजतो आणि मग इम्पोर्टचे असे विचित्र एरर येतात की माणूस सगळं पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. फाईलचं नाव बदला, बास.

आणि एरर वाचा हो. पूर्ण नाही, योग्य टोकाकडून. टर्मिनलमध्ये तो लांबलचक ट्रेसबॅक येतो त्याची शेवटची ओळ आधी वाचायची, मग वर सरकत जाऊन आपल्या स्वतःच्या फाईलचं नाव कुठे दिसतंय ते शोधायचं, मधल्या जँगोच्या आतल्या पंचवीस ओळींशी आपलं काही देणंघेणं नसतं. ब्राउझरमध्ये जे पिवळं पान येतं तिथे मात्र उलटं, मुख्य एरर सगळ्यात वर असतो. लोक त्या पानाचा मोबाईलने फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि फोटोत नेमकी ती वरचीच ओळ कापलेली असते.

मेकमायग्रेशन्स (मॉडेल, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्याची पायथनमधली व्याख्या, बदललं की तो बदल मायग्रेशनच्या फाईलीत उतरवणारी कमांड) केलं आणि "नो चेंजेस डिटेक्टेड" आलं? ॲपचं नाव इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत टाकलेलं नसणार. आणि मायग्रेशनच्या फाईली वैतागून डिलीट करू नका, डेटाबेसमध्ये कुठवर मायग्रेशन झालंय त्याची वेगळी नोंद असते, फाईली उडवल्या की दोघांचा ताळमेळ सुटतो. प्रोजेक्ट नवीन असेल आणि आत काहीच महत्त्वाचं नसेल तर फाईली आणि डेटाबेस दोन्ही उडवून पहिल्यापासून सुरू करा, अर्धवट नको.

"डिडन्ट रिटर्न ॲन एचटीटीपी रिस्पॉन्स ऑब्जेक्ट, इट रिटर्न्ड नन" हा एरर प्रत्येकाला एकदा तरी येतोच. फॉर्म बरोबर असला तर इफच्या आत रिटर्न लिहिलेलं असतं, फॉर्म चुकला तर काय परत द्यायचं ते लिहिलेलंच नसतं. किंवा लिहिलेलं असतं पण एक टॅब जास्त आत गेलेलं असतं. पायथनमध्ये महिरपी कंस नाहीत, ओळ किती आत आहे त्यावरून ती कुणाची ते ठरतं, त्यामुळे शेवटचं रिटर्न इफच्या बाहेर आहे ना ते डोळे फाडून बघा.

ट्युटोरियल जुनं, जँगो नवीन

व्हिडिओ बघून शिकताय तर आधी त्यात जँगोचं व्हर्जन कुठलं आहे ते बघा. 2017 च्या डिसेंबरात 2.0 आलं तेव्हापासून फॉरेन की (एका तक्त्यातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा) लिहिताना ऑन डिलीट, म्हणजे तिकडची नोंद उडाली तर काय करायचं ते, द्यावंच लागतं, त्याआधीचे व्हिडिओ ते देत नाहीत. माझं डोकं ज्याने खाल्लं ते लॉगआऊट. साधी लिंक दिली होती, जशी सगळ्या जुन्या व्हिडिओत असते, आणि क्लिक केलं की 405, म्हणजे ही पद्धत चालत नाही. एक अख्खी संध्याकाळ यूआरएल तपासत बसलो. नंतर कळलं की 5.0 पासून जँगोचा तयार लॉगआऊट व्ह्यू गेट रिक्वेस्टवर चालतच नाही, छोटा फॉर्म करून पोस्टनेच पाठवावं लागतं, आणि पोस्ट म्हटलं की त्या फॉर्मच्या आत सीएसआरएफ टोकनचा (फॉर्म आपल्याच साईटवरून आलाय याच्या खुणेचा) टॅग हवा, नाहीतर 405 जाऊन 403, म्हणजे परवानगी नाही, येतो. नव्याने सुरुवात करणार असाल तर 5.2 घ्या, ते एप्रिल 2025 मध्ये आलेलं लाँग टर्म सपोर्टवालं व्हर्जन आहे, पायथन 3.10 किंवा पुढचा लागतो.

स्पीडबद्दल एकच सांगतो. पावत्यांच्या यादीत प्रत्येक पावतीपुढे ती फाडणाऱ्या कार्यकर्त्याचं नाव दाखवायचं होतं. 200 पावत्या, आणि डेटाबेसकडे फेऱ्या 201, एक यादीसाठी आणि मग प्रत्येक नावासाठी वेगळी. क्वेरीला सिलेक्ट रिलेटेड जोडलं की एका फेरीत काम होतं. जँगो डीबग टूलबार टाकून बघा, आकडा समोर दिसला की आपलीच आपल्याला लाज वाटते.

रात्री 12 नंतरची वर्गणी

हा किस्सा नीट सांगतो. आगमनाच्या आदल्या रात्री पोरं उशिरापर्यंत फिरत होती, साडेबारा-एकपर्यंत पावत्या फाटत होत्या. सकाळी काकांचा फोन, "अरे आजच्या पावत्यांवर कालची तारीख कशी? हिशोब कसा जुळवायचा मी?" मी म्हटलं काका सर्व्हर बघतो. सर्व्हरची काहीच चूक नव्हती.

नवीन प्रोजेक्ट केला की सेटिंग्जमध्ये टाईम झोन यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, असतो. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे रात्रीचे 12 वाजून गेले तरी पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत कालचाच दिवस चालू असतो. मी टाईम झोन एशिया/कोलकाता केला होता बरं का, तरी फसलो, कारण तारीख काढताना टाईमझोन डॉट नाऊ घेऊन त्याची डेट काढली होती, आणि ते नाऊ कायम यूटीसीतच येतं. आजची तारीख हवी असेल तर टाईमझोन डॉट लोकलडेट वापरायचं. दिवसा टेस्ट केलं तर हा बग आयुष्यात सापडत नाही.

त्याच मॉडेलमध्ये आधी आणखी एक घोळ केला होता, डिफॉल्ट म्हणून टाईमझोन डॉट नाऊ दिलं ते पुढे कंस लावून. कंस लावले की ते फंक्शन सर्व्हर चालू होतानाच एकदा चालतं आणि मग प्रत्येक पावतीवर तीच वेळ छापून येते, कंस न लावता नुसतं नाव द्यायचं. जँगो याबद्दल वॉर्निंग देतो, मी वाचली नव्हती.

मराठी डेटा

काकांकडे मागच्या वर्षीची वर्गणीदारांची यादी एक्सेलमध्ये होती. त्यांनी साध्या सीएसव्हीमध्ये सेव्ह करून पाठवली, उघडली तर सगळी नावं प्रश्नचिन्हं. ती फाईल गेली, त्यातून मराठी परत मिळत नाही, मूळ एक्सेलमधून पुन्हा सेव्ह करावी लागते आणि तेही यादीतला सीएसव्ही यूटीएफ-8 हा पर्याय निवडूनच.

दुसऱ्यांदा फाईल बरोबर आली, तर विंडोजवर पायथनने ओपन केल्यावर कॅरमॅप कोडेकचा एरर, बाईट 0एक्स8डी वाचता येत नाही म्हणे. आपल्याकडच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपवर पायथन फाईल सीपी1252 या जुन्या इंग्रजी एन्कोडिंगने (अक्षरं बाईटमध्ये साठवायच्या पद्धतीने) उघडतो, आणि त्या एन्कोडिंगच्या तक्त्यात 8डी ही जागा रिकामी आहे. आता गंमत बघा, यूटीएफ-8 मध्ये आपल्या हलन्ताचा शेवटचा बाईट नेमका 8डी, आणि ऱ्हस्व उकाराचा 81, तीही जागा रिकामीच. दीर्घ ऊकाराचा 82, ती जागा भरलेली. म्हणजे "पुणे" आलं की एरर आणि "नागपूर" आलं की एरर नाही पण स्क्रीनवर कचरा! पहिल्या दहा नावांवर टेस्ट केलं तेव्हा एररच आला नव्हता त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ओपन करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्वतः लिहायचं, नेहमी.

तेवढं करूनही "नाव" हा कॉलम सापडत नाही असा की-एरर आला, डोळ्यांना तर कॉलम समोर दिसतोय. एक्सेल यूटीएफ-8 फाईलच्या सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह टाकतं, ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतं. एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-8-सिग लिहिलं की ते निघून जातं. उलट बाजूलाही तेच, तुमची साईट सीएसव्ही डाऊनलोड देत असेल आणि एक्सेलमध्ये मराठी फाटकी दिसत असेल तर लिहितानाही सिग लावा. एक गोष्ट मात्र आपोआप बरोबर निघाली, काकांनी रकमा ५०१, १००१ अशा मराठी आकड्यांत लिहिल्या होत्या आणि पायथनच्या इंटने त्या बिनतक्रार वाचल्या. मला वाटलं होतं इथेच सगळं अडणार.

आणि स्लग, म्हणजे यूआरएलमध्ये येणारं शीर्षकाचं रूप. दरवर्षीच्या देखाव्याचं एक पान करायचं होतं, यूआरएलमध्ये देखाव्याचं नाव. जँगोचं स्लगिफाय मराठी शीर्षकाचं काहीच ठेवत नाही, रिकामी स्ट्रिंग देतं. मग शोधलं तर सगळीकडे उत्तर एकच, अलाऊ युनिकोड ट्रू करा. केलं. "किल्ला" चं झालं "कलल", "मुंबई" चं "मबई", "पुणे" चं "पण". काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त सगळं गायब! कारण पायथनची रेग्युलर एक्स्प्रेशन या चिन्हांना अक्षर मानतच नाही आणि स्लगिफाय अक्षर नसलेलं सगळं काढून टाकतं. शिवाय यूआरएलच्या पॅटर्नमध्ये स्लग कन्व्हर्टर लिहिलं असेल तर त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोअर चालतात, म्हणजे मराठी स्लग वाचला तरी तिथे 404. मी शेवटी नाद सोडला आणि ॲडमिनमध्ये स्लग इंग्रजीत हाताने भरायला लावला, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवताना टक्क्याच्या खुणांची ती लांबलचक माळ होत नाही हा वरचा फायदा. तसंच ट्रंकेटकॅर्सने (ठरावीक अक्षरांवर मजकूर कापणारं जँगोचं फिल्टर) शीर्षक कापू नका, प्रत्येक काना, वेलांटी वेगळी मोजली जाते, "महाराष्ट्र" हा शब्द पायथनला 10 लांबीचा आहे, मधेच पाय मोडलेलं अक्षर दिसतं. ट्रंकेटवर्ड्स वापरा.

लाईव्ह करताना

घरी सगळं चालतं, सर्व्हरवर डीबग (एररचं ते पिवळं पान दाखवणारी सेटिंग) फॉल्स केलं की 400 एरर. अलाऊड होस्ट्समध्ये तुमचं डोमेन टाकलेलं नाही. ते टाकलं की ॲडमिन पॅनेल उघडंबोडकं दिसतं, नुसती लिंकांची यादी, कारण डीबग बंद असताना जँगो स्टॅटिक फाईली (सीएसएस, चित्रं वगैरे) स्वतः देत नाही. कलेक्टस्टॅटिक चालवा आणि व्हाईटनॉईज (त्या फाईली देणारं पायथनचं पॅकेज) लावा किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरला ते काम द्या. यावर उपाय म्हणून डीबग परत ट्रू करणारे मी पाहिलेत, एकेकाळी मीही केलंय, पण मग कुठेही एरर आला की ते पिवळं पान जगाला तुमच्या कोडच्या ओळी आणि बरीचशी सेटिंग्ज दाखवत बसतं. सिक्रेट की गिटहबवर गेली असेल तर नुसती फाईलमधून काढून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते, नवीन की तयार करून ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा.

लाईव्ह करायच्या आधी मॅनेज डॉट पीवाय चेक, पुढे डॅश डॅश डिप्लॉय, एवढी कमांड एकदा चालवा, वर लिहिलेलं बरंचसं ती स्वतःच सांगते. त्यात एचएसटीएसची वॉर्निंग येईल, ती मिटवायची घाई मात्र करू नका. ते एकदा लावलं की ब्राउझर लक्षात ठेवतो आणि तुम्ही दिलेली मुदत संपेपर्यंत तुमची साईट एचटीटीपीएसशिवाय उघडतच नाही, त्यामुळे सर्टिफिकेट महिनाभर नीट रिन्यू होतंय हे बघून, तेही आधी तासाभराची मुदत देऊन लावा. आमचं अजून तासाभरावरच आहे.