घाटातला 'खेकडा' विटांमधून: वळणावर अडणारं इंजिन कसं सुटलं

१९२८ मध्ये आलेलं आणि एकेकाळी भोर घाटात मालगाड्या ओढणारं डब्ल्यूसीजी-१, टोपणनाव 'खेकडा', माझं सगळ्यात लाडकं विजेचं इंजिन. १५०० व्होल्ट डीसीवर चालणारं, दोन्ही टोकांना लांब नाकं आणि चाकं जोडणारे दांडे. खेळण्यातल्या, एकमेकांत बसणाऱ्या विटांपासून मी त्याचं मॉडेल बनवतोय. त्यात ते दांडे फिरताना दिसलेच पाहिजेत, नाहीतर मोटर लावण्यात अर्थ काय?

सरळ रुळावर मॉडेल छान पळे, वळणावर मात्र अडे. खेळण्याच्या रुळांचं वळण फारच आवळ असतं आणि एका ताठ चौकटीतल्या, कडा असलेल्या चाकांच्या तीन जोड्या त्यात मावत नाहीत. मधली जोडी बिनकडेची लावली, ती रुळावर आडवी सरकते. इंजिन सुटलं!

दांड्यांचा अडसर वेगळा होता. दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी टोकाच्या स्थितीत आले की चाकं उलटी ओढू लागत. डावी-उजवी बाजू ९० अंशांनी मागेपुढे ठेवली. एक बाजू टोकाला असताना दुसरी जोर लावते. अधिक-चिन्हाच्या आकाराच्या आसावर हे सहज जमतं.

मोटर मधल्या खोक्यात आहे. तिथून बोगीकडे, म्हणजे नाकाखालच्या चाकांच्या चौकटीकडे, जाणारा लवचिक सांधा ती चौकट जिच्याभोवती वळते त्या खिळीच्या बरोबर वर हवा. जरा सरकला तरी वळणावर आस ताणला जातो.

आता दुसऱ्या नाकाखाली आणखी एक मोटर बसवतोय.