छोट्या गावाचे सांडपाणी तळ्यांत कसे शुद्ध करावे

गटाराचे पाणी उताराने एका जागी येत असेल आणि गावाबाहेर मोकळी जमीन असेल, तर हजारेक वस्तीला हवा घुसळणाऱ्या यंत्रांची गरज नाही. तळ्यातले जीवाणू घाण कुजवतात, त्यातून सुटलेल्या खाद्यावर शेवाळ वाढते आणि शेवाळाने उन्हात सोडलेला प्राणवायू जीवाणूंना मिळतो. वीज लागत नाही, जागा मात्र भरपूर लागते.

म्हणून आधी हिशोब. माणशी रोज ४५ ग्रॅम बीओडी (घाण कुजायला लागणारा प्राणवायू) धरा. हजार माणसांचा ४५ किलो. सर्वांत थंड महिन्याची सरासरी २० अंश सेल्सिअस असेल, तर एक हेक्टर तळे रोज साधारण २५० किलो पेलते. म्हणजे पहिले तळे १,८०० चौरस मीटर, दीड मीटर खोल. माणशी रोज ८० लिटर पाणी आले तर ते तिथे महिनाभर राहते. त्यापुढे एक मीटर खोलीची, ४०० चौरस मीटरची दोन तळी. बरेचसे रोगजंतू तिथे उन्हाने मरतात. हवा थंड असेल तर जागा वाढवा. कोणतेही तळे मीटरपेक्षा उथळ नको: तळापर्यंत ऊन पोचले की लव्हाळे उगवते आणि त्यात डास होतात.

तळाला चिकणमातीचे थर ओले करून धुम्मसाने ठोका. बांधाचा आतला उतार १:३ आणि पाण्यावर अर्धा मीटर काठ ठेवा. पाण्याच्या रेषेवर दगडी पिचिंग हवेच, नाहीतर लाटा बांध खातात.

बहुतेक तळी बिघडतात ती पाण्याने जवळची वाट धरल्यामुळे. आवक आणि जावक एकाच बाजूला ठेवली, तर महिन्याचा मुक्काम काही दिवसांवर येतो. तळे रुंदीच्या अडीच-तीन पट लांब खणा, दोन्ही नळ्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवा. पहिल्या तळ्याची जावक पृष्ठभागाखाली ६० सेंटिमीटरवरून घ्या. शेवाळ वरच्या थरात असते.

तळ्याआधी दोन सेंटिमीटर फटींची तिरपी जाळी लावा, रोज दाताळ्याने साफ करा, कचरा पुरा. पुढे वाळूसाठी दोन समांतर नाल्या ठेवा, म्हणजे एक बंद करून उपसता येते. वेग सेकंदाला ०.३ मीटर ठेवा. वेग वाढला तर वाळू तळ्यात जाते. कमी पडला तर मैलाही नालीतच बसून सडतो.

सुरुवातीला तळे स्वच्छ पाण्याने भरा. कोरडी चिकणमाती तडकते. मग उन्हाळ्यात काही आठवडे थोडे थोडे सांडपाणी सोडा.

पुढे रंग वाचायला शिका. गडद हिरवा म्हणजे ठीक. गुलाबी-जांभळा म्हणजे गंधक खाणारे जीवाणू वाढले, भार जास्त आहे. राखाडी-काळा आणि दुर्गंध म्हणजे शेवाळ मेले: आवक कमी करा, साय काढा, आणि वरच्या बाजूला कोणी मैल्याचा टँकर किंवा कारखान्याचे पाणी ओतते का ते शोधा. पहाटे प्राणवायू उतरतोच, म्हणून मोजणी रोज एकाच वेळी करा.

वर्षातून एकदा काठीला पांढरे टॉवेलचे कापड गुंडाळून तळापर्यंत बुडवा. वर काढल्यावर गाळाची उंची कापडावर दिसते. गाळ उपसताना हातमोजे आणि गमबूट घाला. जंतांची अंडी त्यात वर्षानुवर्षे जिवंत राहतात, त्यामुळे ओला गाळ थेट भाजीच्या वाफ्यात टाकू नका.