‘प्रेमसेवा शरण’चा इतिहास सांगताय? मग या चुका टाळा

नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात ‘प्रेमसेवा शरण, सहज जिंकी मना’ सुरू होण्याआधी निवेदक ठोकून देतात: ‘1911 सालचं, मास्टर दीनानाथांचं अजरामर पद!’ साल खरं, दीनानाथही खरे, पण दोघांची गाठ चुकीची. हे पद ज्यातलं, ते ‘संगीत मानापमान’ नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईत रंगभूमीवर आणलं, तेव्हा दीनानाथ दहा वर्षांचे होते. धैर्यधर हा नाटकाचा नायक; पहिले धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी निघाली 1918 मध्ये. दीनानाथांचा धैर्यधर त्यानंतरचा.

याहून नाजूक घोटाळा संगीतकाराच्या नावाचा आहे. शब्द कृ. प्र. खाडिलकरांचे, त्यात वाद नाही. ‘केसरी’त टिळकांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या माणसाने इतकी गोड प्रेमपदं लिहावीत, याचं मला अजून नवल वाटतं. नाटकाचं संगीत गोविंदराव टेंबे यांचं, पूरब अंगाच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या, ठुमरी-दादऱ्याचा रंग असलेलं. पण दीनानाथांनी धैर्यधराची पदं आपल्या आक्रमक, तानबाज गळ्याला साजतील अशा निराळ्या चालींत गायली, आणि आज मैफलीत बहुधा तीच चाल कानी पडते. ती ऐकवून नुसतं ‘संगीत: गोविंदराव टेंबे’ लिहिणं दोघांवरही अन्याय आहे. मूळ नाटकाचं संगीत टेंब्यांचं आणि ही चाल दीनानाथांच्या गायकीतली, असं स्पष्ट लिहावं.

बालगंधर्वांच्या नावावर हे पद खपवू नका. ते नायिका भामिनी होते. हे पद धैर्यधराचं.

‘संयुक्त मानापमान’चा गोंधळही नेहमीचा. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या मंडळ्यांनी मिळून तो प्रयोग केला. त्यात धैर्यधर होते केशवराव भोसले, दीनानाथ नव्हेत. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले.

शेवटची गफलत कानाची. जुनी तबकडी ऐकून ‘तेव्हा पदं आटोपशीर असायची’ असा निष्कर्ष काढू नका. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत; तेवढ्यात पद बसवावंच लागे. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ आले की तेच पद कितीतरी लांबे.