व्हिडिओ बदलला तरी लोकांना जुनाच दिसतोय? सीडीएनच्या कॅशचं असं करा

सांगलीतल्या एका हौशी ग्रुपची एकांकिका मी एचएलएसवर (व्हिडिओचे छोटे तुकडे आणि त्यांची यादी, म्हणजे प्लेलिस्ट, अशी पद्धत) टाकली होती. सुरुवातीला ४ सेकंद नुसता काळा पडदा, म्हणून तेवढं कापून परत एन्कोड केलं आणि त्याच फोल्डरात त्याच नावांनी ओव्हरराइट मारलं. रात्री मित्राचा फोन, "लगा, नाटकातली आई दोनदा चहा विचारतीय की!"

झालं असं की प्रत्येक तुकडा ६ सेकंदांचा, पुढचे ४ कापल्यामुळं सगळेच सरकले, पण सीडीएनकडं (बघणाऱ्यांच्या जवळचे सर्व्हर, जे फाइलींच्या कॉप्या म्हणजे कॅश धरून ठेवतात) काही तुकडे जुने होते नि काही नवे. नव्यातून जुन्यात गेलं की ४ सेकंद परत ऐकू येतात, जुन्यातून नव्यात गेलं की ४ सेकंद गायब. प्लेअर बिचारा काही बोलत नाही, नंबर बरोबर हायत ना मग वाजवतो.

तर पहिली गोष्ट, टाकलेल्या तुकड्यावर परत कधी लिहायचं नाही. नवीन एन्कोड म्हणजे नवीन फोल्डर, व्ही१, व्ही२ असं. मग तुकड्यांना मॅक्स-एज (कॉपी किती सेकंद चालवायची ते) ३१५३६००० म्हणजे अख्खं वर्ष बिनधास्त द्या, वर इम्युटेबल, म्हणजे 'ही फाइल बदलणार नाही', लावा. प्लेलिस्टची लिंक मात्र तीच राहणार, म्हणून तिच्या एम३यू८ फाइलीला ६० सेकंद वगैरेच द्या, लाइव्ह असेल तर तुकड्याच्या लांबीपेक्षाही कमी.

चढवताना आधी तुकडे, मग प्लेलिस्ट, मास्टर (सगळ्या क्वालिटींच्या प्लेलिस्टांची यादी) सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर प्लेअर नसलेला तुकडा मागतो आणि तो ४०४ ('फाइल नाही' हे उत्तर) पण काही सीडीएन थोडा वेळ धरून ठेवतात, मग फाइल येऊनही लोकांना गोल चक्रीच.

पर्ज मारला की सुटलो असं समजू नका. त्यानं सीडीएनवरचं जातं, बघणाऱ्याच्या ब्राउझरात बसलेलं तसंच राहतं, माझं घोडं तिथंच अडलं होतं.

जुना फोल्डर लगेच उडवू नका, कुणीतरी मध्यावर पॉज करून जेवायला गेलेलं असतं, त्याच्याकडं जुनीच प्लेलिस्ट असते. मी दोन दिवस ठेवतो.

आणि तपासायला ब्राउझर नको, टर्मिनलमध्ये कर्ल डॅश आय (curl -I, फक्त हेडर मागवणारी कमांड) मारून प्लेलिस्टचा एज हेडर, म्हणजे कॉपी किती सेकंद जुनी ते, बघा. १० मिनिटांपूर्वी चढवलंय आणि एज ७२०० दाखवतोय म्हणजे कॉपी दोन तासांची, जुनी. अशा वेळी फक्त प्लेलिस्टा पर्ज करा, तुकड्यांना हात लावायची गरजच नाही.