मांजर खात नाही, पाणीही वेगळंच पितंय? पहिल्या चोवीस तासांत काय करावं

मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नसेल, तर पशुवैद्यांना फोन करायची वेळ झाली. पिल्लू असेल तर बारा तासही थांबू नका. घाई अशासाठी, की उपाशी मांजराचं शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं आणि ती यकृतात साचू लागते. काही दिवसांतच यकृत निकामी व्हायला लागतं. ‘चांगलं गुबगुबीत आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर काय बिघडलं’ हा हिशेब इथे उलटा लागतो. हा धोका जाड मांजरांनाच जास्त.

१. खरंच खात नाही का?

घरात एकाहून जास्त मांजरं असतील तर कोण किती खातंय ते कळत नाही. आजारी वाटणारं मांजर एका खोलीत वेगळं ठेवा. वाटी, पाणी आणि शी-शूसाठी माती भरलेला ट्रे त्याचा त्याला द्या. बाहेर हिंडणारं असेल तर शेजारी विचारा, तिथे मासे मिळत असतील. खाद्य बदललंय का, तेही आठवा. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर कोरडे दाणे सादळतात, वास बदलतो आणि मांजर तोंड फिरवतं.

२. इच्छा नाही, की खाता येत नाही?

मांजर वाटीपाशी येतं, हुंगतं, एखादा दाणा उचलतं आणि टाकून देतं? तोंड वाकडं करून एकाच बाजूने चावतं, लाळ गाळतं? मग भूक आहे, पण दात, हिरड्या किंवा जीभ दुखतेय. नाक चोंदलं असेल तर वास येत नाही, आणि वास नाही तर मांजराला अन्न अन्न वाटत नाही. वाटीकडे फिरकतही नसेल, कोपऱ्यात दडून बसलं असेल, तर दुखणं पोटात किंवा रक्तात असू शकतं. त्याने करू दिलं तर ओठ उचलून हिरड्या बघा: गुलाबी व ओलसर असाव्यात. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असलं तर आतडं कापलं जातं.

३. पाणी मोजा

अंदाज इथे हमखास चुकतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवून वजन लिहा. चोवीस तासांनी पुन्हा करा. जितके ग्रॅम कमी, तितके मिली पाणी गेलं. उन्हाळ्यात बरंचसं वाफ होऊन जातं, म्हणून तशीच दुसरी वाटी मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि तिची घट वजा करा. नळाखाली, बादलीत किंवा कुंडीच्या ताटलीत पिण्याची सवय असेल तर त्या दिवसापुरत्या त्या वाटा बंद करा.

वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० मिलीहून जास्त पाणी जात असेल तर तपासणी हवी. १०० मिलीच्या वर गेलं तर ते नक्कीच आजाराचं लक्षण. म्हणजे ४ किलोच्या मांजरासाठी हे आकडे २०० आणि ४००. मात्र खुराकही बघा. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं, ओल्या खाद्यात पाऊणएक हिस्सा. ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून साठ-पासष्ट मिली पाणी पोटात जातं, त्यामुळे पाऊच खाणारं मांजर वाटीतलं कमीच पितं. उलट, नुसतं ओलं खाणारं मांजर वाटीवर तुटून पडत असेल तर लक्ष द्या.

भूक मंदावली आणि तहान वाढली, अशी जोडी उतारवयात दिसली तर पहिला संशय मूत्रपिंडावर. मधुमेह आणि थायरॉइड वाढल्यावरही तहान वाढते, पण त्यांत मांजर बहुधा जास्त खाऊन वाळतं. नसबंदी न झालेल्या मांजरीला गर्भाशयात पू झाल्यावरही असंच होतं.

४. भूक चाळवून बघा, कोंबू नका

ओलं खाद्य कोमट करा, बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकंच. एक चमचा पसरट ताटलीत द्या आणि अर्ध्या तासाने उचला. ताटली ट्रेपासून लांब असू द्या. चिकन साध्या पाण्यात शिजवून ते पाणी वर घालता येईल. घरच्यासाठी केलेलं अळणी सूप मात्र नको: त्यात कांदा-लसूण पडलेला असतो आणि दोन्ही मांजराचं रक्त बिघडवतात. सिरिंजने बळेच भरवल्यास घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, शिवाय त्या खाद्याची कायमची शिसारी बसते. तापावरची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

५. घरी थांबूच नये असं काही

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही किंवा थेंबच येतात, तर रात्र असली तरी निघा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. सतत उलट्या, पिवळ्या किंवा पांढऱ्या हिरड्या, तोंड उघडून श्वास, लिलीचं पान-फूल चावल्याची शंका, ही लक्षणंही त्याच रांगेतली.

६. दवाखान्यात नेताना

शेवटचं नीट कधी खाल्लं, पाण्याचा आकडा, उलटी-जुलाब आणि सध्याचं वजन कागदावर लिहा. ४ किलोतलं ४०० ग्रॅम घटलं असेल तर तो शरीराचा दहावा हिस्सा आहे. खाताना अडखळतं त्याचा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात मांजर गप्प बसतं. लघवीचा नमुना हवा असेल तर ट्रे धुऊन वाळवा आणि माती न घालता ठेवा. जमलेली लघवी स्वच्छ बाटलीत भरून लगेच न्या. वेळ लागणार असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि नमुना किती वाजताचा ते तिच्यावर लिहा.